काचा घासणारी

"आई, तू यात पडू नकोस. अख्खा जन्म काचा घासण्यात गेला तुझा. तुला रस्त्यातलं काय कळतं?"

एवढं बोलून मुलाने ट्रकची किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली. कचेरीला सुट्टी होती. भांडण दुपारच्या चहाला सुरू झालं होतं आणि आता दिवेलागण व्हायला आली होती. चहाचे कप तसेच पडून होते, त्यांच्यावर साय धरली होती. बाप पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तसा बसला होता. सून स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभी होती. सोलायचा लसूण केव्हाच संपला होता, पण ती हललेली नव्हती.

"घासण्यात गेला ना?" आई म्हणाली. "त्या घासण्यावर तू शिकलास तेव्हा नाही खटकलं तुला."

"विषय बदलू नकोस. विषय बाबांच्या डोळ्यांचा आहे."

"विषय दिव्यांचा आहे."

"दिवे नवे आहेत!" मुलाचा आवाज चढला. "मी स्वतः आणून बसवलेत. महिनासुद्धा झाला नाही. जुने होते तोवर मीही म्हणत होतो की दिव्यांचाच दोष. पिवळे पडले होते, धुरकटले होते, आत बल्ब आहे की मेणबत्ती ते कळत नव्हतं. मान्य. पण आता कोरे करकरीत दिवे असताना ह्यांनी गल्लीतला नळ उडवला. दोन दिवस गल्लीला पाणी नव्हतं. लोक मला कचेरीत जाताना थांबवून विचारतात. समोरून येणारा प्रत्येक जण ह्यांना दिवे मारतो, शिव्या देतो. आता दोष कोणाचा? नळाचा?"

"नाचता येईना अंगण वाकडं," पलंगावरून बाप पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा," आई त्याच्यावर उखडली. "निदान स्वतःच्या विरुद्ध तरी साक्ष देऊ नका."

"रविवारी गिऱ्हाईक येतंय ट्रक बघायला," मुलाने समारोप केला. "दूधवाला आहे. गाड्या आहेत त्याच्या. देऊन टाकू. बाबांनी आता आराम करायचा. रिस्क घ्यायचीच कशाला?"

मुलगा विम्याच्या कचेरीत होता. जगात दोनच गोष्टी आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. एक रिस्क आणि दुसरा तिचा फॉर्म.

आईने कप उचलले, मोरीत नेले आणि घासायला घेतले. राग आला की तिचे हात आपोआप काहीतरी घासायला घेत. हे मात्र त्या घरात कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

गल्लीत तिला भिंगवाल्या काकू म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत कामाला लागली होती. खोली लांबट आणि ओलसर, चार फिरत्या चकत्या, पाण्याचं एक पिंप आणि खिडकीशी एक बाक. जाड काच चकतीवर धरायची, आधी भरड पावडर, मग मध्यम, मग पिठासारखी बारीक, शेवटी नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यावर, गुलाबी पावडर. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या कारागिराने तिला बजावलं होतं, "पोरी, काच आधी दुधासारखी पांढरी व्हायला हवी. सगळीकडून सारखी. मध्ये कुठे चकाकताना दिसली तर खूश होऊ नको, तिथे तुझा हात पोचलेला नाही." पहिले दोन महिने ती काच पांढरी झाली की घाबरून थांबायची. नंतर तिला कळलं की पांढऱ्याला भिणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

या कामाला घरात नाव एकच होतं. सासू पाहुण्यांना सांगायची, "सून काचा घासायला जाते." नवरा सांगायचा तेही तसंच, त्यात वाईट हेतू नव्हता, त्याला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. तिकडे दिवसभर काचा घासायच्या आणि इकडे येऊन भांडी घासायची. मग फरक काय, असं घराला वाटलं तर घराचं काय चुकलं? एकदा तिने नवऱ्याला म्हटलं होतं, "तुम्ही ट्रक चालवता, त्याला मी चाकं घासणं म्हणते का?" तो मनापासून हसला होता. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला त्याने तो विनोद म्हणून सांगितला.

एकतीस वर्षांत तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या रेषा गेल्या. सरकारी कचेरीत ओळखीसाठी अंगठा ठेवायला सांगितला तेव्हा यंत्र तीन वेळा नाही म्हणालं. कारकून म्हणाला, "बाई, तुम्हाला ठसाच नाही."

"होता," ती म्हणाली. "लोकांच्या डोळ्यांवर गेला."

कारकुनाला ते समजलं नाही. त्याने यंत्र पुसलं आणि तिला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

तिच्या कामातली एकच गोष्ट ती घरात पुन्हा पुन्हा सांगायची. एक मास्तर होते. त्यांना वरून लांबचं आणि खालून वाचायचं असा दुहेरी चष्मा दिला होता. घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी शाळेच्या पायरीवरून पडले. दुकानात आले तर मालकाचा भाचा म्हणाला, "मास्तर, वय झालं. सवय होईल." पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा ती मागच्या खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली होती. तिने मास्तरांच्या नाकावरचा चष्मा नुसता बघितला. वाचायच्या भिंगाची खालची खिडकी नाकाच्या बाजूला थोडी सरकलेली असते, कारण वाचताना डोळे आत वळतात. मास्तरांच्या दोन्ही खिडक्या कानांकडे गेल्या होत्या. भाच्याने उजवी काच डाव्या बाजूला बसवली होती. दोन्ही काचा उत्तम होत्या, एकही ओरखडा नव्हता, फक्त बाजू चुकली होती. आणि महिनाभर त्या भल्या माणसाला सगळे वय सांगत होते.

घरच्यांनी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की तिने 'मास्तर' म्हटलं की सून आमटीला फोडणी द्यायला उठायची.

मग तयार प्लास्टिकच्या काचा आल्या, यंत्र आलं, आणि एक दिवस मालकाने तिला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. त्याला आता आठ महिने झाले होते. घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडायचं. तिने ते लावलं होतं, पण मोरीतून दिसणार नाही अशा भिंतीवर.

नवऱ्याचं म्हणाल तर चौतीस वर्षं त्याने ट्रक चालवला. त्यातली शेवटची सोळा हाच. सुतारांकडून कपाटं, टेबलं उचलायची आणि दुकानांत पोचवायची. कपाटाचा आरसा त्याच्या गाडीत कधी तडकला नाही. गल्लीच्या तोंडाशी वळण इतकं अरुंद होतं की टांगेवाला शिव्या देत वळला असता, पण ट्रकवाले काका तिथून रोज दोनदा जात आणि नळाच्या कट्ट्यावर बसलेली मांजरसुद्धा उठत नसे. त्या माणसाने नळ उडवला होता.

आणि नळापेक्षा वाईट गोष्ट पुढे घडली. आधी मुलाने सांगितलं, मग त्याच्या धाकट्या भावाने फोनवर, मग शेजाऱ्याने, मग दाढी करणाऱ्याने, की डोळे गेले असतील. तीन आठवड्यांत त्या माणसाने जिन्याची भिंत धरायला सुरुवात केली. पाणी ओतताना पेल्याच्या काठाला बोट लावून बघायला लागला. टीव्हीच्या पुढे सरकून बसायला लागला. बायको हे सगळं बघत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. चांगल्या डोळ्यांचा माणूस तिच्या देखत, घरातल्या घरात, चारचौघांच्या बोलण्याने आंधळा होत चालला होता.

ती त्याला जुन्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी दोन्ही डोळे निगुतीने तपासले. त्याने पाटीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"ती ओळ मला पाठ असेल," तो म्हणाला.

"तुम्ही इथे आयुष्यात पहिल्यांदा आलाय," बायको म्हणाली.

"तू कधी घरी म्हटली असशील."

डॉक्टरीण बाईंनी लिहून दिलेला कागद तिने मुलासमोर ठेवला. मुलाने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "पाटी वेगळी, रस्ता वेगळा." त्यावरूनच ते चहापासूनचं भांडण पेटलं होतं.

त्या रात्री ती एकच गोष्ट मनात घोळवत राहिली. डोळे तपासले. मग दिवे कोणी तपासले?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मुलगा कचेरीतून आला, कपडे बदलून वाचनालयात गेला. शर्ट धुवायच्या बादलीवर टाकलेला. सुनेने खिसे तपासले, किल्ली काढली, ओट्यावर सासूच्या हाताशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पीठ मळायला लागली.

"मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "मी पीठ मळत होते."

"मळ," सासू म्हणाली. "चांगलं घट्ट मळ."

अंधार नुकता पडत होता. गल्लीच्या टोकाला गोदामाची लांब पांढरी भिंत होती. नवऱ्याला तिने जवळजवळ ओढतच नेलं. ट्रक भिंतीपासून वीस पावलांवर उभा करायला लावला.

"लावा दिवे. उंच नको, खालचे. समोरून गाडी येते तेव्हा लावता ते."

त्याने लावले. नव्या दिव्यांचा प्रकाश भिंतीवर पडला, स्वच्छ, पांढरा, कडा धारदार. मुलाने बघितला असता तर छाती फुगवली असती. ती भिंतीजवळ गेली. प्रकाशाची वरची कड सरळ नव्हती. एका बाजूला सपाट जात होती आणि मधून दुसऱ्या बाजूला तिरकी वर चढत होती. तिने तो उतार बोटाने हवेत दोनदा गिरवला. मग गाडीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

तेवढ्यात पाववाल्याची गाडी वळणावर आली. भिंगवाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"काकू, मरायचंय का?"

"मरायचं नाही. जरा त्या भिंतीकडे तोंड कर गाडीचं."

"माझे पाव थंड होतील."

"घरोघर गेलेत तुझे पाव, मला ठाऊक आहे. रिकामी गाडी घेऊन फिरतोस. कर तोंड."

त्याने केलं. त्याच्या गाडीचा प्रकाश भिंतीवर पडला. त्याचीही कड एका बाजूला सपाट, एका बाजूला चढती. पण त्याची चढती बाजू रस्त्याच्या कडेकडे होती, जिथून माणसं चालतात, जिथे नळ असतात. ट्रकची चढती बाजू उलटी होती. ज्या बाजूने समोरची गाडी येते, नेमकी तिकडे.

"अहो," ती म्हणाली. आवाज शांत होता आणि म्हणूनच नवरा घाबरला. "अहो, मास्तरांचा चष्मा."

"काय?"

"कडेला तुम्हाला अंधार दिसत होता की नाही? खरं सांगा."

त्याने रस्त्याच्या कडेकडे बघितलं. मग म्हणाला, "कडेचं कमी दिसायचं. मला वाटलं डोळ्यांचंच."

"आणि समोरच्यांच्या डोळ्यांत तुमचा सगळा उजेड. ते दिवे मारणार नाहीत तर काय आरती ओवाळतील?"

पाववाला मध्येच म्हणाला, "काका, परवा मीच तुम्हाला शिव्या दिल्या होत्या. मला वाटलं, म्हातारा माजलाय."

"जा तू आता," काकू म्हणाल्या.

घरी येऊन तिने सुनेला विचारलं, "नव्या दिव्यांचे खोके कुठे आहेत?"

"एक टाकला. एकात कांदे आहेत."

कांदे फरशीवर ओतले गेले. खोक्यावर दिव्याचं रंगीत चित्र होतं, त्याखाली रस्त्याचं आणि रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकचं. ट्रक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालला होता. इथे कोणी तसा चालवला तर पहिल्याच वळणावर समोरच्याच्या मांडीत जाईल. जिथे लोक त्या बाजूने गाड्या चालवतात अशा कुठल्यातरी मुलखासाठी ते दिवे घडवलेले होते. जवळजवळ महिनाभर हे चित्र स्वयंपाकघरात कांद्यांच्या पोटाशी उघडं पडलं होतं आणि चार शिकलीसवरली माणसं त्यातून कांदे काढत होती.

मुलगा आला. त्याच्या पुढ्यात जेवणाआधी खोका ठेवला गेला.

"दिव्यांना कसली आली बाजू?" तो म्हणाला. "दिवा म्हणजे दिवा."

"दुकानदाराला विचार."

त्याने फोन लावला. दुकानदाराचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येईल एवढा मोठा होता. "हो हो, ते तिकडचेच आहेत साहेब, म्हणून तर स्वस्तात दिले. या जुन्या मॉडेलचे इकडचे आता निघतच नाहीत. चालतं हो. काही होत नाही. सवय होते."

सवय होते! भिंगवालीने ताटातला घास खाली ठेवला. मास्तरांना वीस वर्षांपूर्वी जे ऐकवलं गेलं तेच, शब्दाला शब्द. चुकीची वस्तू विकणाऱ्याला सवय, बसवणाऱ्याला सवय, आणि ती घालून जो धडपडतो त्याचं मात्र वय! चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, पण इथे संन्यासी स्वतःच सुळाची उंची बघून देत होता.

"असू दे," मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "समजा, दिवे चुकले. बरोबरचे मिळतच नाहीत म्हणतोय तो. म्हणजे विकायचाच. फिरून गाडी तिथेच."

"जुने कुठे आहेत?"

"जुने? ते धुरकटलेले? आई, त्यांच्यातून काही दिसत नव्हतं. मी टूथपेस्ट लावून घासून बघितले होते."

"म्हणून त्या आठवड्यात आपण मीठ लावून दात घासले," सून म्हणाली. मुलाला उद्देशून त्या दिवसातलं तिचं ते पहिलंच वाक्य होतं.

"जिन्याखाली पोत्यात आहेत," बाप म्हणाला. "मी टाकले नाहीत. गाडीबरोबरचे होते."

शनिवारी सकाळी तिने जिन्यासमोरच्या फरशीवर पोतं पसरलं. दोन्ही दिवे त्यावर ठेवले. रंग जुन्या पिवळ्या कागदासारखा, वर भेगांचं जाळं. नखाने खरवडून बघितलं. रोग वरवरचा होता. कारखान्यातून येताना या प्लास्टिकवर एक पातळ थर देतात, तो उन्हाने करपून सोलत होता. खालचं अंग धडधाकट होतं. टूथपेस्टने त्याला नुसती मधेमधे चमक आली होती, हात न पोचलेल्या काचेसारखी.

लोखंडी सामानाच्या दुकानातून ओला करून वापरायचा पॉलिश पेपर आणला, चार नंबरांचा. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडून पारदर्शक लॅकरचा फवारा. नमद्याचे तुकडे आणि पावडरची डबी तिच्याकडे होती. घड्याळ मिळालं त्या दिवशी मालकाने विचारलं होतं, आणखी काही हवं का, तेव्हा तिने फक्त तेवढंच मागून घेतलं होतं.

नवरा बादलीने पाणी आणून देत होता. तिने पहिला भरड कागद भिजवला आणि आडवे हात चालवले. पिवळं पाणी वाहायला लागलं. मग त्याहून बारीक कागद, या वेळी उभे हात.

"दिशा का बदललीस?" नवऱ्याने विचारलं. एकतीस वर्षांत तिच्या कामाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आडव्या रेघा सगळ्या गेल्या की नाही ते उभ्यांत दिसतं. एक जरी राहिली तरी शेवटी तीच चमकते."

"हं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी दोरी बांधतो तसंच. पहिला फेर आडवा, दुसरा उभा. नाहीतर कपाट सरकतं."

"मग तेच," ती म्हणाली, आणि दोघांनी आपापलं काम पुढे चालवलं.

अकराच्या सुमाराला दोन्ही दिवे दुधासारखे झाले. सारखे, सपाट, पांढरे. आत काय आहे ते मुळीच दिसेना. नेमका त्या क्षणी मुलगा जिना उतरला.

"आई! हे काय करून ठेवलंस! होतं तेवढंही गेलं!"

ती मान वर न करता हात चालवत राहिली.

"बाबा, तुम्ही तरी बघायचं! ही घासतेय आणि तुम्ही पाणी देताय? उद्या गिऱ्हाईक येतंय. गाडीला तोंड नको का?"

"पांढरं व्हावं लागतं," बाप म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"हिने."

मुलाने कपाळाला हात लावला, फोन काढला आणि त्यांच्या देखत दूधवाल्याला सांगितलं की दिव्यांचं जरा बघावं लागेल, त्याप्रमाणे किमतीत काय ते कमी करून घ्या. फोन ठेवून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. घासणं म्हणजे सगळ्यावरचा इलाज वाटतो तुला."

तेव्हा तिने मान वर केली. तोंडात आलेला शब्द तिने गिळला, कारण तिसऱ्या नंबरचा कागद अर्ध्यावर होता आणि तो अर्ध्यावर सोडून चालत नाही.

तिसरा कागद झाला, चौथा झाला. मग नमदा आणि पावडर, गोल गोल, मनगट न दुखवता, खांद्यातून. आधी आतली चांदी दिसायला लागली, मग बल्बची जागा, मग दिव्यात पाण्याच्या थेंबाएवढा स्वतःचा चेहरा. नवरा वाकून बघत राहिला. तिने दोन्ही दिवे कोरडे केले, पदराने नाही, धुतलेल्या मऊ सुती कपड्याने, आणि लॅकरचे तीन हात दिले, मध्ये सुकू देऊन. हा थर नसता तर पुढच्या उन्हाळ्यात दिवे पुन्हा पिवळे पडले असते, आणि पुन्हा कोणीतरी कोणाचंतरी वय काढलं असतं.

संध्याकाळी गॅरेजवाल्याने उलटे दिवे काढून जुने बसवून दिले. पुन्हा ती पांढरी भिंत. प्रकाशाची कड एका बाजूला सपाट आणि रस्त्याच्या कडेकडे चढती, पट्टी ठेवून आखावी तशी.

"जाऊन या," ती म्हणाली.

तो गल्लीच्या तोंडाशी गेला, वळला, मोठा रस्ता घेऊन परत आला, पुन्हा गेला. नळाचा नवा कट्टा कालच बांधलेला, अजून ओला होता, त्याच्यापासून वीतभर राखून दोन्ही वेळा गेला. कोणी दिवे मारले नाहीत. गाडी लावून तो घरात आला आणि जिना चढला. बायको खाली उभी राहून बघत होती. त्याने भिंत धरली नाही.

रविवारी दहाला दूधवाला आला. जाडजूड, घाईतला माणूस. गाडीभोवती फिरला, टायरांना लाथ मारून बघितली, बॉनेट उघडून नाक मुरडलं, कारण नाक मुरडल्याशिवाय गाडी घेतली जात नाही. मग समोर आला आणि थांबला.

"तुम्ही तर म्हणालात दिवे गेलेत," तो मुलाला म्हणाला. "हे तर नवे आहेत."

"जुनेच आहेत," बाप म्हणाला.

"काय सांगता! माझ्या तिन्ही गाड्यांचे धुरकटलेत. पहाटे धुक्यात पोरं जीव मुठीत धरून जातात. बदलायला गेलो तर मिळत नाहीत, मिळतात ते कसेतरीच बसतात. हे कोणी केलं?"

"आईने," मुलगा म्हणाला. "म्हणजे, तिने ते घासले."

"घासले नाहीत," बाप म्हणाला. तो थांबला. शब्द शोधत असावा. चौतीस वर्षं रस्त्यावर गेलेल्या माणसाला रस्ता चटकन सापडतो, शब्द नाही. "तिने ते दिसते केले," तो शेवटी म्हणाला. "तिचं काम आहे ते."

भिंगवाली पायरीवर उभी होती. दूधवाला तिच्याकडे वळला.

"ताई, माझ्या तीन गाड्यांचे करून द्याल?"

"उद्या एक आणा. एका दिवसात एकाच गाडीचे होतात, घाई करायची असेल तर टूथपेस्ट आहे," ती म्हणाली. "आणि येताना तुमच्या दिव्यांची कड कुठल्या बाजूला चढते ते भिंतीवर बघून या. नसेल कळत तर मी बघेन."

"आणि ट्रकचं?"

"ट्रक विकायचा नाही."

मुलगा म्हणाला, "आई, आपण ठरवलं होतं."

"तू ठरवलं होतंस."

दूधवाल्याने दोघांकडे बघितलं. असल्या घरांत तो बऱ्याचदा गेलेला असावा. उद्या गाडी पाठवतो म्हणाला आणि निघाला.

ती घरात आली. मागोमाग मुलगा, नवरा, आणि स्वयंपाकघरातून हात पुसत सून. न्याहारीची ताटं मोरीत तशीच होती, कढई त्यांच्यावर उपडी. नेहमीच्या सवयीने ती मोरीपर्यंत गेली, नळाला हात लावला आणि हात काढून घेतला.

"किल्ली," ती मुलाला म्हणाली.

गिऱ्हाईकाला गाडी दाखवायला म्हणून सकाळी घेतलेली किल्ली त्याने खिशातून काढली. "आई, मला काय माहीत होतं दिव्यांना..."

"विचारलं असतंस तर माहीत झालं असतं. घरातच होते मी."

किल्ली तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, जिथे ती सोळा वर्षं असायची.

"ट्रक ह्यांचा, किल्ली ह्यांची. कोणी खिशात टाकायची नाही. जिन्यासमोरची फरशी उद्यापासून मला लागणार, सायकल दुसरीकडे लावा. पाटी मी रंगाऱ्याकडून लिहून घेणार आहे, त्यावर काय लिहायचं ते माझं मी बघेन." तिने ओले न झालेले हात पदराला पुसले. "आणि या घरात आजपासून मी भांडी घासणार नाही. कढईला कोण हात लावतंय ते तुम्ही तिघं ठरवा."